वळणावरचा जवान

७ मे, सकाळ
सीमेवर लढाई. उत्कर्षचा फोन तीन दिवस बंद. मला अजिबात काळजी नाही. फौजीचा बाप घाबरत नसतो. झोप आली नाही ती उकाड्यामुळे.

सायं. ५
मोबाइलवर विलायतेची महायुद्धातली पोस्टरं पाहिली. बॉम्बच्या भीतीने रात्री दिवे बंद असायचे, माणसं गाड्यांखाली मरायची. चित्रकारांनी पोस्टरं काढून लोकांना सावध केलं. मी तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं ते यासाठीच! रिसोड रोडच्या अपघाती वळणावर आमच्या केनवड गावाची आघाडी उघडायची.

८ मे
पोस्टर तयार. सहा फुटी जवान. ‘आम्ही सीमेवर, तुम्ही ब्रेकवर!’ चेहरा उत्कर्षचा आला. मुद्दाम नाही. बायको चंपा म्हणाली, त्याचं नाक असं हाय का? आणि पापड लाटायला बसली. हिला काळीजच नाही.

९ मे
पोस्टर लागलं. प्रचंड यश! प्रत्येक गाडी थांबते. लोक उतरून हात जोडतात. एका म्हातारीने डोळे पुसले. कलेची ताकद.
फोन नाही.

१० मे
पोस्टरला कोणीतरी झेंडूचा हार घातला.
हार.
शिडी घेऊन धावलो. किशन दूधवाला भर रस्त्यात गाडी थांबवून नमस्कार करत होता. मागून जीप धडकली. किशन उडून शिडीवर, मी शिडीवरून खाली. किशनला दोन टाके, माझा डावा पाय फ्रॅक्चर. तो ओरडला, मास्तर, पोरगा गेला त सांगाचं ना, बोर्ड कायले लावता!
मी त्याला मारायला उठलो. उठता आलं नाही.

११ मे
प्लास्टर. लढाई थांबली म्हणे. फोन नाहीच. सुनेवर, पल्लवीवर ओरडलो, या घरात कोणाला त्याची पडलीच नाही! ती रडायला लागली. म्हणाली, "मामाजी, ते रोज सकायी दुसऱ्याच्या फोनवरून आईसंग बोलून राह्यले. तुमाले सांगू नका म्हणे. तुमी गावच्या ग्रुपवर टाकता."
म्हणजे सुरक्षेचा प्रश्न. योग्यच केलं. मीही हेच केलं असतं.
जेवलो नाही. भूक नव्हती.

१३ मे
उत्कर्षचा फोन. मलाच. बोलायचे सहा मुद्दे लिहून ठेवले होते. "जेवला का?" एवढंच निघालं. तो म्हणाला, हो बाबा. मग म्हणाला, "तेवढा बोर्ड काढून टाका. मी गेलो समजून मित्र घरी भेटाले येऊन राह्यले."
फोन मीच ठेवला. घसा बसला आहे. कूलरची हवा मला बाधते.