केदारचा बर्फ करडा आला

तेलगाव, कार्तिक

सौ. महानंदा वन्सं,

त्या सकाळी सडा टाकून झाला होता, दूध चुलीवर होतं आणि तुमचे भाऊ ओसरीतल्या कापसाच्या ढिगाचा फोटो काढता काढता मला काहीतरी समजावत होते. (शरणार्थ लिहायचा राहिलाच, तो घ्या. आईंचे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत औषध घालू देतात, की अजून तुमच्या हातावर फटका मारतात?) ते म्हणत होते, "पांढऱ्यापुढं कॅमेऱ्यातला उजेड मोजायचा काटा भेदरतो गं. त्याचं ऐकायचं न्हाई, भिंगाची रिंग दोन घरं जास्त उघडायची." मी म्हटलं, "दूध उतू जातंय," आणि आत गेले. दूध वाचलं. ते गेल्यावर हे बोलणं कुठं पडून राहिलं कोणास ठाऊक.

आता केदारची हकिकत. तुमच्या गावी, कड्याला राहायला येताना आईंनी मला बजावलं होतं, "गुरुपादाची लई इच्छा होती बर्फ बघायची. त्याला एकदा तिथं बघू दे मला, मग डोळं गेलं तरी चालतंय." म्हणून ह्यांचा भिंतीवरचा फोटो लुगड्यात गुंडाळून नेला. कॅमेराही ह्यांचाच. खेचरावर मी, माझ्या मांडीवर हे. जन्मात पहिल्यांदा साऱ्या वाटेत ह्यांनी मला एकही सूचना केली नाही. वर पोचलो तर सगळं पांढरं, डोळे उघडेनात. ह्यांना बर्फात बसवलं, काटा इमानदारीनं मधोमध आणला आणि बटण दाबलं. मग यात्रेतल्या साऱ्या बायका पुढ्यात येऊन उभ्या. केसरबाईंनी तर स्वेटरवरून पैठणी नेसली होती.

रोल धुऊन आला. बर्फ चुलीतल्या राखेसारखा करडा आणि बायकांची तोंडं तव्यासारखी. केसरबाई आपल्या भर दुकानात येऊन म्हणाल्या, "रुद्राणे, मला केदारला नेलतंस का कोळशाच्या वखारीत?" तेव्हापासून त्या साखर समोरच्या दुकानातून आणतात. ह्यांच्या फोटोत चौकट तेवढी दिसते, माणूस नाही. तो पालथा ठेवून मी बराच वेळ तांदूळ निवडत बसले, आणि निवडता निवडता ते दूध आठवलं. काटा तरी काय करणार? त्याला सगळं जग करडंच ठाऊक. पांढरं दिसलं, की फार उजेड झाला असं समजून तो हात आखडायला सांगतो. हे असते तर म्हणाले असते, सांगितलं होतं. मी भांडले असते. तेवढं भांडण राहून गेलं.

लहानथोरांना शरणार्थ.

तुमची वहिनी,
रुद्राणी

ता.क. सोबत ह्यांचा फोटो आहे, स्वच्छ आला आहे. आईंना दाखवा आणि बर्फ कसा पांढराशुभ्र आहे तेही सांगा. हे केदारला खरोखर जाऊन आले आहेत, तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटून घेऊ नका. (फोनवर सांगितलं असतं, पण एसटीडीवाला कान लावून बसतो.)

आणखी एक. खालच्या कोपऱ्यात बोंडाचं वाळकं पान दिसतं. आईंचा अंगठा नेमका तिथं येईल असा फोटो त्यांच्या हातात द्या. रोल धुऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवा रोल आणला, ओसरीतल्या कापसावर ह्यांना बसवलं, रिंग दोन घरं जास्त उघडली आणि फोटो काढला.