तिरफळ माग काढतो

५ जाने., रविवार
कदम सरांच्या ग्राउंडवर पहिला दिवस. मानपाड्याच्या मागे, कंपन्यांची भिंत संपते तिथे. सगळीकडे शेफर्ड, रॉटवायलर, आणि मध्ये माझा आठ किलोचा टेरिअर, तिरफळ. नाव ऐकून तर सगळे फिदीफिदी हसले. हसा लेको! सरांचा माणूस हातावर जाड तागाची बाही चढवून अंगावर आला, तिरफळने जो तिला दात लावला तो सोडेचना. त्याने हात वर केला तर हा हवेत! चारी पाय लोंबकळतायत, शेपटी गरगर. "सोड, सोड" ओरडून माझा घसा बसला.

सर म्हणाले, "मॅडम, दात आहेत, डोकं नाही. आधी नाक वापरायला शिकवा. ९ फेब्रु.ला माग काढायची परीक्षा आहे. पास झाला तर ग्रूपमध्ये घेतो. नाहीतर घरी बॉल खेळा."

बॉल खेळा म्हणे. बघतेच.

८ जाने., बुधवार
काम असं: एकाने गवतातून चालत जायचं, पावलापावलात खाऊ टाकायचा, शेवटी एक हातमोजा ठेवायचा. अर्ध्या तासाने कुत्र्याने त्याच पावलांवर नाक लावून जायचं, मोज्यापाशी बसायचं. मग हळूहळू खाऊ बंद. दोरी मी धरणार, पण चालणार कोण? नवरा जहाजावर, मेपर्यंत. उरले अण्णा. माझे सासरे, वय ७४. गुडघ्यांपायी दोन वर्षं गॅलरीतली खुर्ची सोडलेली नाही.

"त्या उंदरासाठी मी चालू?" म्हणाले.
आणि आज सकाळी साडेपाचला कानटोपी घालून दारात उभे!

१४ जाने., मंगळवार
संक्रांत. अण्णांनी पावलांत कलेजीऐवजी तिळगूळ टाकला. "सणाचं असू दे." तिरफळने सगळा खाल्ला, मोजा सोडला आणि आणखी मिळेल म्हणून परत सुरुवातीला येऊन बसला. अण्णा इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. मी त्यांना असं हसताना सासूबाई गेल्यापासून...

उशीर झाला. नौपाड्याला माझं क्लिनिक नऊला उघडायचंय.

१९ जाने., रविवार
जमलं!!! खाऊ नाही, काही नाही. दोन वळणं, तीनशे पावलं, आणि कंपन्यांचा तो सडका वास आज नेमका जास्त. तरी हा पठ्ठ्या नाक जमिनीला लावून सरळ मोज्यावर! सरांनी टोपी काढली. "अण्णा, खरे ट्रेनर तुम्ही."
 अण्णांनी रिक्षात ड्रायव्हरला अख्खी गोष्ट सांगितली, वळणांसकट.

२६ जाने., रविवार
वाट लागली.

आज पहिल्यांदा सर स्वतः चालले. परीक्षेत अनोळखी माणूसच चालणार ना. तिरफळ सुरुवातीच्या निशाणापाशी उभा. हुंगतो, माझ्याकडे बघतो. मग दोरीसकट मला ओढत अण्णांकडे, आणि नाक थेट त्यांच्या गुडघ्यावर.
सर वाकले, वास घेतला. "अण्णा, पायाला काय लावता?"
"निर्गुडीचं तेल. रोज पहाटे. गुडघ्यापासून टाचेपर्यंत."

तीन आठवडे! तीन आठवडे हा तेल हुंगत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. घरात चोवीस तास तो वास, मलाच कळायला हवं होतं. आता उरले दोन आठवडे.

२८ जाने., मंगळवार
अण्णा परत खुर्चीत. "माझ्यामुळे गोंधळ झाला. तुम्ही करा आता." मी म्हटलं, अण्णा, असं काय करता. टीव्हीचा आवाज वाढवला त्यांनी.
आता रोज नवीन माणूस लागतो. आज वॉचमन चालला. शून्य. उद्या शेजारच्या कांबळे काकू.

४ फेब्रु., मंगळवार
कांबळे काकू की जय! गाउनवर शाल, पायात मुलाचे बूट, चालता चालता फोनवर बहिणीशी गप्पा. आणि तिरफळ अडखळला, थांबला, जीभ आत घेतली... आणि नाक खाली! गेला ना तुरुतुरु! वळणावर चुकला, स्वतःच मागे आला, स्वतःच माग शोधला. मी गवतात बसून रडले. काकू घाबरल्या, "अगं, चावला का?"

क्लिनिकमधून घरी फोन केला. अण्णा म्हणाले, "छान." एवढंच. मग जरा वेळाने, "वळणावर थांबला होता का?"

८ फेब्रु., शनिवार
"उद्या चला ना, अण्णा."
"नको. मला बघितलं की त्याचं लक्ष उडेल."
मग मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, रोज पहाटे चाललात तुम्ही, कुत्रा शिकवला तुम्ही, आणि ऐन परीक्षेला गॅलरीत बसणार? लांब बसा, पण या. जरा जास्तच बोलले. 

९ फेब्रु., रविवार, माजिवडा
मार्क वाचायला वेळ आहे. तोवर लिहिते.

अण्णा आले. रिक्षात नुसता साबणाचा वास. "तेल लावलेलं नाही आज," म्हणाले. उतरताना कळवळले, मला दाखवलं नाही. लांब, कुंपणापाशी खुर्चीत बसले.

तिरफळ झकास निघाला. परीक्षेत मोजे दोन; पहिला मिळाला. दुसऱ्या वळणावर वारा कुंपणाकडून आला आणि याची मान वर. थेट अण्णांकडे बघतोय. शेपटी हलतेय. मी बोलू शकत नाही, परीक्षकांचा नियम. मेले! तेल नव्हतं तरी. म्हणजे ओढ तेलाची नव्हतीच कधी. अण्णाच हवे होते त्याला.

अण्णांना कळलं. उठले. काठी नाही, आधार नाही, फाटकातून बाहेर, एकदाही मागे न बघता. तिरफळ उभा राहिला, राहिला... मग नाक खाली. शेवटच्या मोज्यापर्यंत गेला!

वळणावर किती मार्क कापले, देव जाणे. सरांचा चेहरा वाचता येत नाही.

पण अण्णा अजून आलेले नाहीत. पाऊण तास होत आला. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये. चहाच्या टपरीवर विचारलं, फाटकावर विचारलं, कुणी पाहिलं नाही. त्या गुडघ्यांनी गेले तरी किती लांब?

हार्नेस परत चढवलाय. त्यांच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभे आहोत. "शोध," म्हटलं. नाक खाली गेलंय.
सर ओरडतायत, "मॅडम, थांबा, मार्क वाचतायत!"
वाचा म्हणावं. दोरी ताणलीय.