भिंतीपलीकडची

१४ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

इकडे सगळे खुशाल, म्हणजे छप्पर अजून डोक्यावर आहे. खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे आलेत. तुमच्या बंधुराजांना कामाचा तोटा नाही. बॉम्बच्या हादऱ्यांनी गल्लीतली घड्याळं रोज बंद पडतात. तुम्ही मला गावी बोलावता, पण मी आल्यावर ह्यांच्या जेवणाखाण्याचं काय?

जेवण हे निमित्त हो, वन्सं. तुमच्यापासून काय लपवू?

आमच्या तळघराला लागूनच शेजारच्या शिवणवालीचं तळघर. मधे विटांची एक भिंत. विमानं गेली की दोन्हीकडून भिंतीवर थापायचं, म्हणजे माणसं शाबूत आहेत हे कळतं. गल्लीभर हीच पद्धत आहे. पण भोंगा पुरता थांबायच्या आत ह्यांचा हात भिंतीवर! माझ्याकडे बघायच्याही आधी. तिकडून उत्तर आलं की चेहरा कसा खुलतो म्हणून सांगू! माझा नुसता जळफळाट होतो.

काल दुपारी हे बाहेर गेले होते आणि भोंगा झाला. मी एकटीच खाली. सगळं शांत झाल्यावर तिची थाप आली. म्हटलं, मेली ह्यांनाच विचारतेय. बस ठोकत. आणि हाताची घडी घालून गप्प राहिले.

तिनं पुन्हा थापलं. हाका मारल्या. मग खरवडल्याचा आवाज यायला लागला. एकेक वीट निघाली आणि धुळीनं माखलेली बाई सरपटत आत आली. बोटं रक्तबंबाळ.

"अहो, धडधाकट आहात तर बोलायला काय झालं? मला वाटलं गाडल्या गेलात! घड्याळजींनी बजावून ठेवलंय, मी नसलो तर तिच्याकडे लक्ष ठेवा, ती फार घाबरते."

मी म्हटलं, "डोळा लागला होता."

तिचे पाय धरावेत असं वाटलं, खरंच वाटलं. तेवढ्यात हे धापा टाकत आले, आम्हाला पाहून जिन्यावरच मटकन बसले. म्हणाले, "दोघी आहात. बरं झालं."

दोघी!

मग ह्यांनी तिच्या बोटांना पट्टी बांधली, घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवताना बसतात तसे श्वास रोखून. कंदील मी धरला होता.

आता भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड आहे, आणि विटा कुठे मिळत नाहीत. बॉम्ब पडोत नाहीतर आभाळ, ह्यांना इथे ठेवून मी कुठेही येणार नाही.

तुमची एकुलती एक
वहिनी