बेचाळीस हिरव्या चौकटी

३ ऑक्टोबर
चिटणीस नागुरा यांच्या वसाहत-पत्रिकेत आज तीन चुका आढळल्या. एक, आमचे अ‍ॅप दोन तारखेला नव्हे, एक तारखेला सकाळी सात वाजता सुरू झाले. दोन, ते ‘शिओझाकी या तरुणीने अध्यक्षांच्या मदतीने’ केलेले नाही. ते अध्यक्षांनी, म्हणजे मी, रचले व शिओझाकीने संगणकात बसवले. तीन, माझ्या नावाला आदरार्थी प्रत्यय जोडलेला नाही. नागुरांना दुरुस्तीपत्र पाठवले.

एकतीस वर्षे मोटारींचे डॅशबोर्ड रचणाऱ्या माणसाला बेचाळीस घरांची वसाहत जड नाही. सूचनांचे कागद अडकवून घरोघर हिंडणारी फिरती पाटी, तीवर प्रत्येक घराने मारायचे शिक्के, दारातल्या गप्पा, सारे बंद. प्रत्येक घराला एक टॅब्लेट. सकाळी ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबले की त्या घराची चौकट हिरवी. नऊपर्यंत न दाबल्यास केशरी, आणि शेजाऱ्याच्या फोनवर घंटा. लहान मुलालाही जमेल.

७ ऑक्टोबर
एकेचाळीस हिरव्या. एक केशरी: शेजारच्या कुरेबायाशीबाई, वय त्र्याऐंशी. सातव्या दिवशीही घंटा माझ्याच फोनवर. गेलो. बाई म्हणाल्या, अहो ओगुरी, तुमच्या काचेला मी दिसतच नाही हो. साठ वर्षं चहाची पानं खुडली, बोटं पार गुळगुळीत झालीत. बँकेतलं यंत्रसुद्धा मला ओळखत नाही. मग चहा, मुळ्याचे लोणचे, चाळीस मिनिटे.
रचनेत दोष नाही. दोष बोटात आहे.

९ ऑक्टोबर
विजय! सात पंचवीसला त्यांची चौकट हिरवी. नंतर कळले की बाई लोणच्याचे मुळे धूत होत्या व बोट ओले होते. शिओझाकी म्हणाली, आजोबा, म्हणजे त्यांचं कोरडं बोट काचेला कळत नाही, आपण त्यांना खरंखुरं दाबायचं बटण देऊ या ना, नाहीतर त्यांच्यापुरती पाटीच ठेवू. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एका घरासाठी अपवाद केला की ती रचना उरत नाही. आणि मला अध्यक्ष म्हणावे.

१२ ऑक्टोबर
अ‍ॅपमध्ये ‘नातेवाइकाने दाबणे’ अशी सोय आहे. मीच सुचवली होती. कुरेबायाशीबाईंचा नातेवाईक म्हणून आज स्वतःची नोंद केली. सकाळी सात दहाला माझ्या फोनवरून दाबले. खिडकीतून त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. म्हणजे त्या ठीकच होत्या. हे खोटे नव्हे, निरीक्षण आहे. व्यवस्था तात्पुरती. पालिकेची माणसे अ‍ॅपच्या पाहणीला येऊन गेली की थांबवणार.
बेचाळीसपैकी बेचाळीस. जेवण मात्र गेले नाही. मासा खारट असावा.

२० ऑक्टोबर
उद्यापासून बंद. निश्चय.

२१ ऑक्टोबर
पालिकेची माणसे पुढच्या महिन्यात येणार असे कळले. निश्चय पुढे ढकलला.

२७ ऑक्टोबर
दातांच्या डॉक्टरांकडे जाण्याच्या घाईत दाबायचे राहिले. फोन तिथे बंद ठेवावा लागतो. म्हणून घंटा पुढच्या शेजाऱ्याकडे, चिटणीस नागुरांकडे गेली. ते चपला न घालता धावत गेले. बाई धडधाकट. नागुरांना चहा, लोणचे, पाऊण तास. संध्याकाळी ते म्हणाले, ओगुरीसाहेब, काय झकास चालतं हो तुमचं यंत्र! मी आभार मानले. पत्नी माझ्याकडे पाहत होती. फोनमध्ये सात दहाचा गजर लावला.

४ नोव्हेंबर
कुरेबायाशीबाई जुनी पाटी छातीशी धरून दारात आल्या. म्हणाल्या, हे जरा बघता का? मी सांगितले की पाटीची आता आवश्यकता नाही, आपली चौकट रोज हिरवी होते. त्या म्हणाल्या, होय? मी तर काही करत नाही. मी म्हणालो, होते खरी. त्या पाटी घेऊन परत गेल्या. पत्नी म्हणाली, अहो, दोन मिनिटं आत तरी बोलवायचं. शेजारीण आहे ती, मोटार नाही.
पाटी बघायला हवी होती. पण मग चाळीस मिनिटे गेली असती.

१४ नोव्हेंबर
सात दहाला दाबले. धुके होते, खिडकी दिसली नाही.
अकरा वाजता पत्नी कुरेबायाशीबाईंकडे पर्सिमनची फळे द्यायला गेली. बाई मागच्या पायरीखाली पडलेल्या. खुब्याचे हाड मोडले आहे. शुद्धीवर होत्या. म्हणाल्या, काल संध्याकाळी पडले गं, कोणीतरी येईल म्हटलं.
सतरा तास.

१६ नोव्हेंबर
नागुरांची खास पत्रिका: ‘कुरेबायाशीबाई १४ नोव्हेंबरला सकाळी सात दहाला बटण दाबून मग पडल्या, यंत्रणेचा दोष नाही.’ वाक्यरचना निर्दोष आहे. दुरुस्तीपत्र पाठवले नाही.

१८ नोव्हेंबर
रुग्णालयात गेलो. त्यांची लेक नागोयाहून आली आहे. हातात टॅब्लेट. म्हणत होती, आई, हे बघ ना, सकाळी तूच दाबलंयस, सात दहाला. बाई म्हणाल्या, मी नाही गं, मी तर पडले होते. लेक म्हणाली, आता तुला काल काय आणि आज काय कळेनासं झालंय, एकटं ठेवायचं तरी कसं? बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, यांना विचार. हे खोटं सांगणार नाहीत.
मी म्हणालो, नोंद अचूक असते.
व्याकरणदृष्ट्या त्यात काहीच चूक नाही. नोंद अचूक असतेच. सात दहा म्हणजे सात दहा. घरी येताना दोनदा चुकीच्या गल्लीत वळलो.

२१ नोव्हेंबर
पालिकेची माणसे काल येऊन गेली. प्रशस्तिपत्र मिळाले. कपाटात उलटे ठेवले.
आज लेक मिठाईचा डबा घेऊन निरोपाला आली. घर तीस तारखेला बंद. आईला विसराळू वृद्धांच्या आश्रमात ठेवणार. म्हणाली, काका, तुम्ही फार केलंत तिच्यासाठी. टॅब्लेट परत दिला, सोबत ती पाटी. म्हणाली, आईच्या देव्हाऱ्यापाशी होती, वसाहतीची आहे ना?

ती गेल्यावर पाटी उघडली. आखीव कागद. एक ऑक्टोबरपासून रोजची तारीख, पुढे पेन्सिलीने ‘ठीक आहे’, पुढे बाईंचा लाल शिक्का. एकही दिवस चुकलेला नाही. तेरा नोव्हेंबरपर्यंत. चौदाची ओळ आखलेली, कोरी.

पत्नीने माझ्या खांद्यावरून वाचले. म्हणाली, अहो, लेक अजून स्टेशनावर पोचली नसेल. गाडी पाऊण वाजताची आहे.

पाटी आणि पुढील दुरुस्तीपत्र घेऊन निघतो आहे. प्रत नागुरांना, पत्रिकेत पहिल्या पानावर छापावे. माझ्या नावापुढे प्रत्यय नको.

दुरुस्त्या, घर क्रमांक सतरा (कुरेबायाशी):
१ ते ८, १० व ११ ऑक्टोबर: बटण कोणी दाबले नाही. चौकट केशरी होती, आणि बरोबर होती.
९ ऑक्टोबर: कुरेबायाशीबाई, ओल्या बोटाने.
१२ ते २६ ऑक्टोबर: मी.
२७ ऑक्टोबर: कोणी नाही. मी दाबू लागल्यापासून यंत्रणा खरी चालली तो एकमेव दिवस.
२८ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर: मी.
१३ नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या सुमारास: कुरेबायाशीबाई पडल्या. त्यांना सर्व नीट आठवते.
१४ नोव्हेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे: मी.