तळ्याकाठचे पाच

३ ऑगस्ट, सकाळी
पीएच.डी.चं सहावं वर्ष. आजपासून माणसांत मिसळायचं. इथे माझा मोठा ग्रुप आहे, असं आईला फोनवर कायम सांगत आलोय. ग्रुप तेवढा जमवायचा राहिलाय. अवघड काही नाही.

५ ऑगस्ट
विद्यापीठाचा फोटोग्राफर तळ्याकाठी आला होता. नव्या माहितीपत्रकासाठी त्याला 'आनंदी विद्यार्थी' हवे होते. दिसेल त्याला धरून आणत होता. तीन मुली आणि एक उंच मुलगा मिळाला. मला बोलावलं नव्हतं, पण चौघांत फोटो भरत नाही हे मला कळतं. आईने दिलेली छत्री बाजूला ठेवली (मुठीला चिकटपट्टी आहे) आणि कडेला जाऊन बसलो. फोटोग्राफर म्हणाला, हसा. हसलो. उंच मुलगा चक्क माझ्याकडे बघून हसला! मैत्री अशीच होते.

संमतीच्या कागदावर सगळ्यांनी फोन नंबर लिहिले. सही करता करता चारही टिपून घेतले.

लगेच आईला फोन. म्हटलं, माझा ग्रुप छापून येतोय. फोन हातात तसाच ठेवून ती शेजारच्या काकूंना हाका मारायला लागली.

६ ऑगस्ट
फोनवर ग्रुप काढला. नाव: तळ्याकाठचे पाच. पहिला मेसेज अर्धा तास घासूनपुसून लिहिला: काय मंडळी!

८ ऑगस्ट
दोघी ग्रुपमधून बाहेर पडल्या. अभ्यासू आहेत बिचाऱ्या. तिसरीने विचारलं, आपण कोण? भारी विनोदी आहे.

१२ ऑगस्ट, शनिवार
सगळ्यांना पाच वाजता कॉफीला बोलावलं. फाटकासमोरचं कॅफे, शनिवारी उभं राहायला जागा नसते. चारलाच जाऊन पाच खुर्च्या धरल्या.
५.२० – एकाने विचारलं, खुर्ची घेऊ का? दिली. एक जण उशिराच येणार.
५.४० – आणखी दोन गेल्या.
६.१० – मालक म्हणाला, एकटेच असाल तर खिडकीशी स्टुलावर बसता का? बसलो. तिथून रस्ता छान दिसतो. अख्खं गाव बाहेर लोटलं होतं. उंच मुलगा समोरून गेला, पाच-सहा जणांत. मी हात केला. कोणाला केला, ते बघायला त्याने मागे वळून पाहिलं.
फार एकटं वाटलं. कॉफी कडू होती, त्यामुळेही असेल.

१९ ऑगस्ट
ग्रुपमध्ये आता मी एकटा. निदान मेसेज वाचले जातात याची खात्री आहे.

३० ऑगस्ट
माहितीपत्रक आलं. मुखपृष्ठावर तळं, हिरवळ, चौघं. मी होतो तिथून कापलंय. छत्रीची मूठ तेवढी आली आहे.
आईला कळवायचंच नाही असं ठरवलं होतं. ताईने आधीच इंटरनेटवर शोधून तिला दाखवलं.

संध्याकाळी आईचा फोन. चिकटपट्टी तिने लगेच ओळखली. म्हणाली, तू कुठे आहेस रे? म्हटलं, फोटो मीच काढला. आई म्हणाली, तरीच सगळे इतके मोकळे हसतायत.

मग म्हणाली, गुणी दिसतात मुलं. सुट्टीत चौघांनाही घरी घेऊन ये. गाद्या उन्हात टाकून ठेवते. पलंगावर त्या उंच मुलाचे पाय मावतील का, एवढीच तिला काळजी आहे.

म्हटलं, विचारून सांगतो.