न दुखलेला खिळा

विठ्ठलवाडी,
६ जानेवारी २०२५

चि. शकूस, ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू फोनवर ओरडलीस की सगळी चाळ गोळा होते, माझ्या कानात मात्र काही शिरत नाही. म्हणून लिहिते. बसून वाच.

काल विहारात आमचा शुगरवाल्या म्हाताऱ्यांचा गट जमला होता. रसिका सिस्टर दर रविवारी येते, रक्त तपासते, पाय बघते. मी नेहमीची पुढारी. चपला काढायला लाजता काय, म्हणून एकेकीला दटावत होते. माझी पाळी आली. रसिकाने पाय उचलला आणि तिचा चेहराच उतरला. तळव्यात खिळा होता गं, पार डोक्यापर्यंत रुतलेला. भोवती काळंनिळं. तिने विचारलं, आजी, कधी घुसला? मला सांगता येईना. तो घेऊन मी बाजारात गेले, पाणी भरलं, झोपलेसुद्धा. काहीच दुखलं नाही. अजूनही दुखत नाही, त्याचीच धास्ती वाटते.

गटातल्याच उत्तमरावांनी लगेच त्यांची रिक्षा काढली. सरकारी दवाखान्यातून लिहिते आहे. तू घाबरू नकोस.

तुझी,
विमलताई

ठाणे,
९ जानेवारी

ती. ताईस, धाकटीचा सा. जयभीम.

पत्र ओट्यापाशी उभ्यानेच दोनदा वाचलं. सुनेने, स्वप्नाने, काय झालं विचारलं तर तेच तिच्या हातात दिलं. पायात खिळा आणि बाईला पत्ता नाही! लहानपणी काटा मोडला तरी आळी डोक्यावर घ्यायचीस तू.

आता पुरे झालं एकटं राहणं. आठवड्यातून एकदा पाय बघणाऱ्या त्या गटाच्या भरवशावर तुला सोडायची नाही मी. एकोणीस तारखेला न्यायला येते. सामान बांधून ठेव. रागावलीस तरी चालेल.

तुझीच,
शकू

विठ्ठलवाडी,
१३ जानेवारी

चि. शकूस, आशीर्वाद.

काल घरी आले. जखम वरपर्यंत चिघळली होती, अंगठ्याशेजारचं बोट काढलं. पट्टी सोडली तेव्हा मी बोटं मोजली, चार भरली, पुन्हा मोजली. डॉक्टर म्हणाले, शुगरने तळवे बधिर झालेत, आणखी उशीर झाला असता तर घोट्यापासून पाय गेला असता.

गटाला नावं ठेवू नकोस. माझ्याकडे फ्रिज नाही, म्हणून माझं इन्सुलिन उत्तमरावांच्या घरी असतं. ते रोज सकाळी आणून देतात. शेजारची विनिता पट्टी बदलते, भाकरी आणते. आठवड्यातून एकदा बघतात म्हणतेस, पण घरचं कुणी तेवढं तरी बघत होतं का?

ये, पण भेटायला ये. तुझ्यावर रागावणं मला कधी जमलंय?

ताई

ठाणे,
२१ जानेवारी

ती. ताईस, सा. जयभीम.

परवा तुझ्यासमोर बोलायला धीर झाला नाही. विहारात तू विनिताबरोबर पट्टी बदलायला आत गेलीस, तेव्हा रसिका म्हणाली, मावशी, आलाच आहात तर तुमचेही पाय बघू. मला हसू आलं. मला साधी सर्दी होत नाही, बघणार काय? तिने डोळे मिटायला लावले. बारीक तार टेकवते, लागली की हो म्हणा, म्हणाली. मी वाट बघत बसले. शेवटी कंटाळून म्हटलं, अगं, कर की सुरुवात!

डोळे उघडले. अख्ख्या तळव्यावर तार टेकवून झाली होती.

काल इथे रक्त तपासलं. शुगर आहे, आणि बऱ्याच वर्षांची असणार म्हणे. आमच्या सुशांतला सांगितलं तर पोरगा माझ्या पायांकडे बघतच राहिला. तेव्हापासून मी सारखे तळवे चाचपते, माझेच आहेत ना म्हणून.

तुला इथे आणायचं राहू दे. रविवारी मी येते. सतरंजीवर तुझ्याशेजारी माझ्यासाठी जागा धर.

माया कमी करू नकोस.

तुझी,
शकू