नेत्राच्या हळदीचा फिडर

ती. धर्मामामांस अनंताचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी म्हणते, खांबावर चढणं सुटल्यापासून दुखतो. (खांब वेगळं सांगतील.)

नेत्राच्या हळदीबद्दलचा तुमचा निरोप ऐकला. "भाच्या, दोन रोज आकडा वाढवून ठेव. कोनाला कलतंय?" हा आकडा म्हणजे आमच्या सबस्टेशनातल्या रिलेची मर्यादा. आपल्या फिडरवर, म्हणजे गावाकडे येणाऱ्या लाइनवर, दोनशे अँपिअरच्या वर भार गेला की तो वीज तोडतो. डीजे, हॅलोजन आणि मांडवातले एसी लागले की तोडणारच. व्होल्टेज घसरलं तरी तोडतो. तोही आकडा खाली आण, असं तुम्ही जाता जाता सुचवलंत. नोकरीत असताना तुम्ही उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळायचात. लहानपणी मला ती हुशारी वाटे. आता पासवर्ड टाकून तेच करता येतं आणि हात काळे होत नाहीत.

मागे गावातल्या सदाच्या हळदीला मी ते केलं होतं. मांडवातली वीज तिसऱ्यांदा गेल्यावर माणसं सबस्टेशनच्या फाटकात आली, अर्धी पिवळी. पिवळ्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. मर्यादा तीनशेवर नेली आणि परत आणायला विसरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फिडरच्या पार शेवटच्या टोकाला, सोनूबाईच्या वाडीत, तारांवर झावळी पडली. एवढ्या लांब फॉल्टचा करंटही बेताचाच. तो तीनशेच्या आत राहिला. रिलेला वाटलं, हळद अजून चालू आहे. तारा जळत राहिल्या, एक तुटून खाली आली. म्हैस गेली. सोनूबाई तिच्या मागे दोन पावलांवर होती. मी गेलो तेव्हा "मना म्हस दिसली, तार नाय दिसली," एवढंच म्हणाली आणि चहा दिला. तो मी प्यायलो.

तेव्हा आकडा दोनशेच राहील. रेवदंड्याहून जनरेटर मी स्वतः आणून देतो. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
अनंता

ता. क. हळदीचं बोलावणं रद्द करू नका. मी पिवळा व्हायला तयार आहे.

आणखी एक. वरचं सगळं खरं आहे, पण पुरतं नाही. तुमचा निरोप ऐकून सोमवारी मी आकडा तीनशे केला होता. आज सकाळी परत दोनशेवर आणला. मधले दोन दिवस ड्युटीवर जाताना सोनूबाईच्या वाडीवरून जात होतो, मान वर करून. म्हणून मागणं एवढंच: पुन्हा सांगू नका. तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलंत तर मी ऐकेन.